पदरात बांधलेले हात

संयोगिताक्का मुलांना घेऊन बसली की आधी स्वतःचे हात बांधून घ्यायची.

बांधून म्हणजे अगदी खरोखर. जे. पी. नगरातल्या तिच्या गच्चीवर पाच मुलं गोल करून बसायची. मधे बांबूच्या कामट्या, सुतळीचे गुंडे, जुन्या मांडवाच्या कापडाच्या पट्ट्या. अक्का पाण्याच्या टाकीला टेकायची, पदराचं टोक दोन्ही मनगटांभोवती फिरवायची आणि दातांनी गाठ ओढायची. मग एका मुलानं उठून ती गाठ हलवून बघायची आणि "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणायचं. त्यानंतरच कामाला सुरुवात.

स्पर्धाच तशी होती. युक्ती करंडक तिचं नाव. ऑगस्टमध्ये एक कोडं हातात पडायचं, आणि जानेवारीपर्यंत मुलांनी ते आपल्या डोक्यानं, आपल्या हातांनी सोडवायचं, वर त्याचं आठ मिनिटांचं नाटक करून दाखवायचं. मोठ्या माणसानं कल्पना द्यायची नाही, वस्तूला बोट लावायचं नाही. मार्गदर्शकानं फक्त प्रश्न विचारायचे. शेवटी परीक्षक मुलांनाच बाजूला घेऊन विचारत, हे कुणाला सुचलं, हे कुणी कापलं. तेव्हा जे असेल ते सांगायचं, जीभ कितीही जड झाली तरी, हे अक्का पहिल्याच दिवशी मुलांकडून वदवून घ्यायची.

आणि हात बांधायचे, कारण ते हात गप्प बसणारे नव्हते. मांडववाल्या खंडोजींची ती मुलगी. कुणा सरदाराच्या छावणीबरोबर साडेतीनशे वर्षांमागं बेंगळूरला आलेलं घराणं. तलवारी केव्हाच गेल्या, तंबूचे दोर तेवढे हातात उरले. जुन्या पेठेतल्या कितीतरी नवऱ्यामुलींच्या डोक्यावर खंडोजींच्या मांडवाची सावली पडली होती. आई, अंबुबाई, मांडवाचं कापड शिवताना ओव्या म्हणायची. सुई वर आली की एक ओळ, खाली गेली की दुसरी. वडील गेले, मांडव गेले, संयोगिता शाळेत हस्तकला शिकवू लागली. पण कुठं ढिली गाठ दिसली की तिच्या बोटांना अजून मुंग्या यायच्या.

तिच्या मनगटावरची गाठ वेळेआधी एकदाच सुटली होती. गेल्या वर्षी.

बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी उंच उंच इमारतींची एक सोसायटी आहे. तिथल्या संघाचा मार्गदर्शक सुहास. पुण्याचा, सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर, बोलणं लोण्यासारखं. इथं कुणी मराठी बाई मुलांना शिकवते असं ऐकून आवर्जून भेटायला आला, बाकरवडीचा पुडा घेऊन. अक्काचं बोलणं ऐकून हसला. "तुमचं मराठी म्हणजे ना ताई, काचेच्या कपाटात ठेवावं असं आहे," म्हणाला. तिनं ते कौतुक म्हणूनच घेतलं. त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, हात का बांधते तेही सांगितलं. मुलं पाहुण्यासमोर आणखी अंगात आल्यासारखी काम करत होती. अभिमन्यू, बारा वर्षांचा, त्या वर्षीचा कप्तान, नऊ फुटी मनोऱ्याचा वरचा दोर आवळत होता, आणि मनोरा कलला.

गाठ सोडली की तोडली हे अक्कालाच कळलं नाही. अभिमन्यूच्या डोक्यावर येणारा बांबू तिनं दोन्ही हातांनी वरच्या वर धरला.

सुहासनं मोबाइल काढला होता. "आठवण म्हणून," तो म्हणाला.

ती आठवण स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांच्या टेबलावर आली. चित्रात अक्काचे दोन हात होते आणि बांबू होता. खालचं अभिमन्यूचं डोकं कापून टाकलेलं होतं. तक्रार मुलांनीच करायची असते म्हणून खाली सही होती सुहासच्या मुलीची, दहा वर्षांच्या ऋचाची. परीक्षकांनी तिला विचारलं तेव्हा तिनं खाली बघत, पाठ केल्यासारखं, सगळं आपल्यालाच सुचलं म्हणून सांगितलं. पहिला येणारा अक्काचा संघ शेवटून पहिला आला. फलकावर नावापुढं लाल अक्षरात दोन शब्द लागले: बाहेरची मदत. सुहास जाता जाता हात पुढं करून म्हणाला, "डोन्ट टेक इट पर्सनली, ताई. रूल इज रूल."

शाळेत मुलं अभिमन्यूला चीटर म्हणू लागली. महिनाभरानं त्याच्या आईनं फोन करून, फार गोड आवाजात, आता त्याला बोलावू नका म्हणून सांगितलं. अजूनही तो संध्याकाळी ट्यूशनला समोरच्या फूटपाथवरून जातो. अक्का दिसली की खाली बसतो, बुटाची नाडी सोडतो आणि ती पुढं जाईपर्यंत पुन्हा पुन्हा बांधत राहतो.

अक्का रडली नाही. पण त्या दिवसापासून भांडी घासताना, गच्चीवर मुलांदेखत कपडे वाळत घालताना आईच्या ओव्यांच्या चालीवर एक नवीच ओळ तिच्या ओठांवर येऊन बसली:

*पहिली गं गाठ, मारली दोराला,*
*नाही विसरले मी, दाराच्या चोराला.*

या वर्षीचं कोडं पाण्याचं होतं. दहा फूट पलीकडच्या घागरीत पाणी पोचवायचं, कुणी भांड्याला हात न लावता. मुलांनी दोन महिने नुसते कपडे भिजवले. मग मल्हारला सुचलं, कापडाला मेणबत्ती घासली तर पाणी जिरत नाही. मग रक्षिताला सुचलं, कापड बांबूवर पाळण्यासारखं टांगायचं आणि एकामागून एक दोर ओढायचे, म्हणजे पाणी पुढं पुढं पळेल. रक्षिता अकराची, यंदाची कप्तान. गेल्या वर्षी ती सगळ्यांत धाकटी होती. लाल अक्षरं वाचून न रडलेली ती एकटीच होती. आता अक्काची गाठ तीच तपासायची, एकदा नव्हे, दोनदा. अक्का नुसती विचारायची: दोर इथंच का? सैल पडला तर? आणि पदराच्या आत बोटं एकमेकांत घट्ट रुतवून ठेवायची.

नोव्हेंबरमध्ये मुलांना बांबूचे तुकडे हवे होते. परसूअण्णाकडं ते मिळायचे. खंडोजींच्या वेळचा हा मांडवाचा गडी. आता म्हातारपणी मुलाबरोबर लाकूड कापायच्या मशीनवर बसायचा. मुलं मागच्या बाजूला तुकडे निवडत होती, अक्का पुढं उभी. तिथं फळीवर तिला लाकडी चाकं दिसली. दाते पाडलेली, लोण्यासारखी गुळगुळीत सात चाकं, आणि त्यांच्याखाली दाबून ठेवलेला नकाशा. तिरक्या, बारीक अक्षरांत मापं, कोपऱ्यात नाव आणि फोन नंबर. वर शीर्षक: युक्ती करंडक, पाणी.

परसूअण्णा कौतुकानं सांगू लागला, "तुमच्यातलेच आहेत की. बेळ्ळंदूरचे सर. तीनदा आले, एकेक दाता बघून घेतला." मुलं बरोबर होती का, अक्कानं विचारलं. "मुलं कशाला येतील?" तो म्हणाला.

अक्कानं पिशवीतून मोबाइल काढला. चाकांचा एक फोटो घेतला, नकाशाचा एक, फोन नंबर नीट वाचता येईल असा. परसूअण्णा चपापला. गिऱ्हाइकाची वस्तू आहे अक्का, म्हणाला, फोटो कशाला?

"आठवण म्हणून," अक्का म्हणाली.

घरी येताना ऑटोत तिला दुसरी ओळ सुचली, आणि ती इतकी आपोआप आली की तिला आईच मागं बसून गाते आहे असं वाटलं:

*दुसरी गं गाठ, पडली पदरात,*
*वैरी गं जेवून गेला, माझ्याच घरात.*

त्याच आठवड्यात तिनं तक्रार लिहून काढली. फळ्यावर लिहिते तशा ठसठशीत अक्षरात. कधी, कुठं, काय पाहिलं. दोन फोटो छापून जोडले. सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली आणि कागदाची चौघडी करून पर्समध्ये घातली, कुंकवाच्या डबीशेजारी. दोन महिने ती पर्स उघडली की आधी बोटांनी तो कागद चाचपायची. पोट दुखणाऱ्याला ओव्याची पुडी जवळ असली की बरं वाटतं, तसं तिला वाटायचं.

स्पर्धा देवनहळ्ळीजवळच्या एका मोठ्या शाळेत होती. सकाळचं धुकं होतं. चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागा तोडून आखलेल्या प्लॉटांवर दगडी खुणा दवानं चमकत होत्या, आणि डोक्यावरून विमानं इतकी खाली जात होती की मल्हार प्रत्येक वेळी मान खाली घालायचा.

आणि मग त्या मुलांनी जे केलं, ते अक्कानंही आधी पाहिलं नव्हतं. गच्चीवर पाणी कधी सांडायचं, कधी मधेच डबकं व्हायचं. त्या दिवशी रक्षितानं पहिला दोर ओढला, मल्हारनं दुसरा, मग तिसरा, चौथा, आणि खंडोजींच्या मांडवाचं ते पिवळं कापड जिवंत झाल्यासारखं लाटेलाटेनं उचलत गेलं. पाणी धावलं. तहानलेल्या गावाची गोष्ट सांगणाऱ्या पाचव्या मुलाचा आवाज मधेच थांबला, कारण तो स्वतःच बघत राहिला. घागर भरली. मुख्य परीक्षक भाग्यलक्ष्मी मॅडम, कुणाचं कधी कौतुक न करणाऱ्या, खुर्चीतून उठल्या आणि कापडाला बोट लावून बघत कन्नडमध्ये म्हणाल्या की नऊ वर्षांत असं बघितलं नव्हतं. अक्का मागच्या रांगेत उभी होती. सवयीनं तिनं इथंही हात पदरात बांधले होते, त्यामुळं डोळे पुसता येईनात.

बेळ्ळंदूरच्या संघाची सात चाकं आवाज न करता फिरली. सगळं घड्याळासारखं बिनचूक झालं. ऋचा बाजूला उभी राहून एक कळ दाबत होती. दाबली की मागं सरकायची, जणू ते यंत्र दुसऱ्या कुणाचं आहे आणि आपल्या हातून मोडेल. टाळ्या पडल्या, पण बेताच्या. कोण पहिलं येणार ते त्या सभागृहातल्या खुर्च्यांनाही कळलं होतं.

म्हणजे तक्रारीची गरज उरली नव्हती. अक्काला ते लख्ख कळत होतं. कागद पर्समध्येच राहू दिला असता तर संध्याकाळी करंडक तिच्या मुलांच्या हातात होता, आणि सुहास टाळ्या वाजवत उभा राहिला असता. पण तो टाळ्या वाजवतच राहिला असता. हसत, हात पुढं करत, वेल डन ताई म्हणत. तेच तिला नको होतं. तिला त्याच्या नावापुढं ते दोन लाल शब्द हवे होते.

तक्रारीला अर्धा तास असतो. ती टेबलाशी गेली, छापील अर्ज घेतला आणि वाचला. वरच चौकट होती: या तक्रारीची कल्पना, मजकूर आणि पुरावा संघातल्या मुलांचाच आहे. तिनं ते दोनदा वाचलं. गेल्या वर्षी याच ओळीपाशी त्या माणसानं आपल्या लेकीला खोटं बोलायला लावलं होतं.

रक्षिता पायऱ्यांवर ओली चप्पल वाळवत बसली होती. अक्कानं तिच्यापुढं कागद उलगडला. मुलीनं फोटो बघितले, मजकूर वाचला, चौकट वाचली. मग विचारलं, हे दिलं तर ते बाद होतील का. होतील, अक्का म्हणाली.

"आणि आपण?"

"ते तुला विचारतील, हे कुणाला सुचलं. जे असेल ते सांगायचं."

"म्हणजे आपण पण."

'मलाच सुचलं म्हण' हे तीन शब्द अक्काच्या जिभेच्या टोकाशी आले होते, खारट, आणि तिनं ते गिळले. पण कागदही मागं घेतला नाही. आतून मल्हारचं हसू ऐकू येत होतं. बाकीची मुलं कापडाच्या घड्या घालत होती.

रक्षितानं तिकडं मान वळवली. "मल्हारला विचारू?"

"वेळ नाही," अक्का म्हणाली. अजून वीस मिनिटं होती.

रक्षितानं अक्काच्या हातांकडं बघितलं. बांधलेले नव्हते. "स्वल्प थांबा अक्का, पेन आणते," ती म्हणाली, आणि धावत जाऊन घेऊन आली. सही इतकी दाबून केली की शेवटच्या टिंबाशी कागद फाटला.

सुनावणी एका वर्गात झाली, दार लावून. दोन्ही मार्गदर्शक, दोन्ही कप्तान आणि भाग्यलक्ष्मी मॅडम. सुहास आत आला तो हसतच. टेबलावरचा नकाशा दिसला तेव्हा हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. तो म्हणू लागला की ही केवळ फॅब्रिकेशनची बाब आहे, डिझाइन मुलांचंच. मॅडमनी त्याला हातानंच थांबवलं आणि ऋचाला विचारलं, चाकं कुणी केली.

ऋचा बराच वेळ बाकाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. या क्षणासाठी अक्कानं एक वर्ष घासलं होतं, चोळलं होतं, वाळत घातलं होतं.

"बाबांनी आणली," ऋचा म्हणाली. "मी पण एक केलं होतं. पुठ्ठ्याचं. ते डगमगायचं." मग, कुणी विचारलं नसताना, "ते माझ्या दप्तरात आहे अजून."

सुहासनं डोळे मिटले. अक्कानं ते नीट बघून घेतलं. पापणी कशी थरथरली, कानाच्या पाळ्या कशा लाल झाल्या, सगळं. तहानलेल्या माणसानं घटाघटा प्यावं तसं. ऋचाकडं तिनं बघितलं नाही.

मग मॅडम रक्षिताकडं वळल्या. तक्रार कुणाला सुचली?

रक्षिता ताठ उभी होती. "अक्काला," ती म्हणाली. "फोटो अक्कानं काढले. लिहिलं पण अक्कानंच. सही माझी."

मॅडमनी चष्मा काढला, अक्काकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. सुंदर कापडावर कुणी शाई सांडावी आणि ते बघत बसावं लागावं, तसं काहीतरी होतं. संध्याकाळी फलकावर दोन संघांच्या नावांपुढं तेच दोन लाल शब्द लागले, एकाखाली एक. करंडक तिसऱ्याच कुठल्या शाळेला गेला. ती मुलं इतकी चकित झाली की व्यासपीठावर कुठून चढायचं तेच त्यांना कळेना.

फाटकापाशी सुहासनं तिला गाठलं. लोणी उतरलं होतं. स्वतःच्या मुलांचं वाटोळं केलंत, म्हणाला, काय मिळालं तुम्हाला.

"बाकरवडी अडकली होती, सुहासराव," अक्का म्हणाली. "वर्षभर. आज उतरली घशाखाली."

गाडीच्या मागच्या सीटवर मुलं दाटीनं बसली होती. पिवळ्या कापडाची घडी मल्हारच्या मांडीवर होती. अजून ओली, त्याची चड्डी भिजत होती, पण तो ती खाली ठेवेना. हेब्बाळच्या पुलापाशी गाडी अडकली तेव्हा त्यानं विचारलं, "अक्का, आपण पहिले आलो असतो?"

"हो," अक्का म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि खिडकीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं त्याचे खांदे हलू लागले. अक्काचा हात त्याच्या पाठीकडं गेला आणि मधेच थांबला. तो तिनं मांडीवर परत आणून ठेवला.

मग तिनं मोबाइल काढला आणि अभिमन्यूच्या आईच्या नंबरावर लिहिलं: अभिमन्यूला सांगा, बेळ्ळंदूर बाद झालं. स्वतःच्या संघाचं लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला हेब्बाळचा पूल मागं पडून शहराचे दिवे लागावे लागले. त्याची परीक्षा आहे अक्का, प्लीज, एवढंच होतं.

ती त्या ओळीकडं बघत राहिली. घसा मोकळा होता, अगदी मोकळा, आणि त्यात काहीच नव्हतं.

शेजारी रक्षिता सुतळीचा तुकडा बोटांभोवती गुंडाळत होती. ती गुणगुणत होती. चाल अक्काच्या ओळखीची होती, शब्द ओळखीचे नव्हते.

*तिसरी गं गाठ, माझ्या मी हाताची,*
*वाट गं बघते, पुढल्या सालाची.*

अक्कानं मान वळवली. अकरा वर्षांची मुलगी समोरच्या लाल दिव्यांकडं एकटक बघत होती, आणि सुतळीवर एकावर एक गाठी पडत होत्या, घट्ट, नीट, मांडववाल्याच्या हातच्यासारख्या.

"हे कुणाला सुचलं?" अक्कानं सवयीनं विचारलं.

"मला," रक्षिता म्हणाली. "कुणी नाही शिकवलं."